सर्व हक्क राखीव, पण कोणाचे? शैक्षणिक संकेतस्थळे चालवणाऱ्यांना खुले पत्र

शैक्षणिक संकेतस्थळे चालवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त, संपादक आणि त्यांच्यासाठी साहित्य तयार करणारे सर्वजण यांना,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत विज्ञान शिकवते. धड्याची तयारी करताना तुमच्या संकेतस्थळांवर आले नाही असा आठवडा जात नाही. तिथल्या आकृत्या, प्रयोगांच्या कृती, प्रश्नसंच यांमुळे माझे शिकवणे सुधारले आहे, हे आधी मोकळ्या मनाने सांगते. ज्यांच्याबद्दल आपुलकी नाही त्यांना कोणी एवढे लांबलचक पत्र लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नसत. मला याचा पत्ता लागला तो नायट्रोजन चक्र शिकवताना. मी वापरत असलेल्या आकृतीत बाणांची नुसती गर्दी होती. कोणता बाण कोणत्या प्रक्रियेचा, हे खालच्या सूचीतल्या रंगांवरून ओळखायचे होते. मुलगा हुशार, पण त्याने स्थिरीकरणाच्या जागी विनायट्रीकरण लिहिले आणि विनायट्रीकरणाच्या जागी स्थिरीकरण. मी त्याला जवळ बोलावून विचारले, तर म्हणाला, ‘बाई, सगळे बाण सारखेच तर आहेत.’

त्या रात्री मी ती आकृती नव्याने काढली. स्थिरीकरणाला सलग रेघ, नायट्रीकरणाला तुटक रेघ, विनायट्रीकरणाला ठिपके, अमोनीकरणाला जोडरेघ. रंग अजिबात नाही. काळ्या शाईत, हाताने, तीन कागद फुकट घालवून. कोपऱ्यात माझे नाव लिहिले आणि त्याखाली एक ओळ: ‘रंग ओळखता न येणाऱ्या मुलांसाठी बाणांच्या रेघा वेगवेगळ्या ठेवल्या आहेत.’ इतर शिक्षकांनाही उपयोग होईल म्हणून ती इंटरनेटवर ठेवली.

दोन वर्षांनी तीच आकृती मला एका मोठ्या शैक्षणिक संकेतस्थळावर दिसली. माझे नाव असलेला कोपरा कापलेला होता. मधोमध त्या संस्थेच्या चिन्हाचा फिकट ठसा होता. आणि बाण रंगवले होते, सगळे सलग, लाल आणि हिरवे. पानाच्या तळाशी लिहिले होते: ‘सर्व हक्क राखीव. लेखी परवानगीशिवाय या साहित्याचा कोणताही भाग वापरणे कायद्याने गुन्हा आहे.’

मी त्या संस्थेला पत्र लिहिले. बऱ्याच आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले. सदर साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी उपलब्ध होते आणि आमचा उद्देश शैक्षणिक आहे, त्यामुळे हा रास्त वापर, म्हणजे परवानगीशिवायही कायदा चालवून घेतो असा वापर ठरतो, असे त्यात म्हटले होते.

त्या संस्थेचे नाव मी इथे घेणार नाही, कारण हे उत्तर तिचे एकटीचे नाही. हीच दोन वाक्ये मी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत, कार्यशाळांमध्ये ऐकली आहेत आणि पूर्वी स्वतःही म्हटली आहेत. दोन्ही वाक्यांत चूक आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की आता चूक वाटेनाशी झाली आहे.

‘इंटरनेटवर उपलब्ध होते’ हे आधी घेते. उपलब्ध असणे आणि परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहित्य आणि कलाकृतींच्या संरक्षणाचा बर्न करार १८८६ सालचा आहे. १९०८ साली बर्लिनमध्ये त्यात सुधारणा झाली, तेव्हापासून त्या कराराखाली हक्क मिळवायला नोंदणी लागत नाही, मुद्रा लागत नाही, वर्तुळातला ‘सी’ही लागत नाही. कागदावर रेघ उमटली की ती काढणाऱ्याचा हक्क सुरू झाला. जगातले बहुतेक देश आज या करारात आहेत. म्हणजे एखाद्या चित्राखाली काहीच लिहिलेले नसेल, तर त्याचा अर्थ ‘घ्या’ असा होत नाही. उलट, काही लिहिलेले नाही म्हणजे सर्व हक्क त्या माणसाकडेच आहेत. आपण नेमके उलटे समजत आलो आहोत.

या बाबतीत युरोपातला एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो तुमच्या प्रत्येक कार्यालयात माहीत असायला हवा. जर्मनीतल्या एका शाळेतल्या विद्यार्थ्याने स्पॅनिश भाषेच्या अभ्यासासाठी एक सादरीकरण केले. त्यात त्याने कोर्दोबा शहराचा एक फोटो वापरला. फोटो एका प्रवासविषयक संकेतस्थळावर कोणालाही दिसेल असा होता, आणि या मुलाने तो कुठून घेतला हेही लिहिले होते. शाळेने ते सादरीकरण आपल्या संकेतस्थळावर चढवले. छायाचित्रकाराचे म्हणणे असे की, मी परवानगी त्या प्रवासाच्या संकेतस्थळाला दिली होती, शाळेला नाही. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. ७ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने छायाचित्रकाराचे म्हणणे उचलून धरले. फोटो उतरवून घेऊन आपल्या सर्व्हरवर ठेवणे म्हणजे तो नव्या लोकांपुढे नव्याने मांडणे, आणि त्याला नवी परवानगी लागते. मूळ पानाचा दुवा दिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, कारण मालकाने फोटो काढून टाकला की दुवाही निकामी होतो. उतरवून घेतलेली प्रत मात्र मालकाच्या हाताबाहेर जाते.

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या मुलाचे वाईट वाटले. त्याने तर आपण शिकवतो तेच केले होते, स्रोत लिहिला होता. पण नीट पाहिले तर चूक मुलाच्या सादरीकरणात नव्हती. ते वर्गात दाखवून संपले असते तर बहुधा कोणी न्यायालयात गेले नसते. चूक पुढच्या पायरीवर झाली, वर्गातली वस्तू जगापुढे ठेवण्यात. ती पायरी मूल चढले नव्हते, संस्था चढली होती.

याच फरकाकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. शिक्षकाला कायद्याने ज्या सवलती मिळाल्या आहेत त्या बहुतांशी शिकवण्याच्या कामाला जोडलेल्या आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५२ वे कलम पाहा. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेत घातलेला उतारा, उत्तरात लिहिलेला उतारा, यांना तिथे स्पष्ट सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपीच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या सुटीचा अर्थ मोठ्या मनाने लावला. ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे फक्त घंटा ते घंटा नव्हे, अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या निवडक पानांचा बांधलेला संचही त्यात येऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षक म्हणून मला त्या निकालाचा अभिमान आहे. पण तो खटला ठरावीक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांच्या हातात जाणाऱ्या कागदांचा होता. जगात कोणीही, कधीही, कितीही वेळा उघडू शकेल अशा पानाचा नव्हता. युरोपीय संघाच्या कॉपीराइटविषयक २०१९ च्या निर्देशातही डिजिटल अध्यापनाला सूट आहे, पण ती त्या संस्थेच्या विद्यार्थी आणि शिक्षकांनाच प्रवेश असलेल्या सुरक्षित जागेपुरती आहे. पासवर्डमागचा वर्ग आणि उघडे संकेतस्थळ यांत कायदा फरक करतो, आणि माझ्या मते योग्य करतो. वर्गात मी दिलेल्या आकृतीत चूक असेल तर मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्त करते. तुमच्या पानावरची चूक कोण, कुठे, किती वर्षे पाठ करत बसेल याचा तुम्हालाही पत्ता नसतो.

आता दुसरे वाक्य, ‘आमचा उद्देश शैक्षणिक आहे.’

अमेरिकेतल्या रास्त वापराच्या कल्पनेचे मूळच एका शालेय पुस्तकाच्या वादात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची पत्रे आणि लेखन एका संपादकाने बारा खंडांत छापले होते. दुसऱ्या लेखकाने शाळांच्या ग्रंथालयांसाठी दोन खंडांत वॉशिंग्टन यांचे चरित्र काढले. त्यातल्या ८६६ पानांपैकी ३५३ पाने त्या बारा खंडांतून जशीच्या तशी घेतलेली होती. उद्देश शैक्षणिकच, पुस्तक उपयोगी, आणि लेखकाच्या हेतूबद्दल कोणालाच शंका नव्हती. तरीही १८४१ साली न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकाल मूळ प्रकाशकांच्या बाजूने दिला. घेतले ते कशासाठी, किती, त्यातला गाभा किती आणि त्यामुळे मूळ पुस्तकाचे नुकसान किती, हे सगळे एकत्र पाहावे लागते, असे त्यांनी म्हटले. हाच विचार पुढे अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याच्या १०७ व्या कलमात चार कसोट्यांच्या रूपाने आला. वापराचा उद्देश आणि स्वरूप, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग किती आणि किती महत्त्वाचा, आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम.

उद्देश ही चारातली एक कसोटी आहे. ती पार केली म्हणजे बाकीच्या तीन माफ होत नाहीत. शिवाय ‘रास्त वापर’ हा शब्द आपण जिथे तिथे अमेरिकेच्या अर्थाने वापरतो, पण प्रत्येक देशात ती मोकळीक नाही. भारतात कायदा ‘रास्त व्यवहार’ म्हणतो आणि तो खासगी वापर व संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त अशा नेमक्या कामांपुरता ठेवतो. शिकवण्याची सूट त्याहून वेगळ्या उपकलमात आहे. तुमचे संकेतस्थळ मात्र सगळीकडून उघडते. एका देशाचा शब्द उचलून तो जगभराची ढाल म्हणून धरता येत नाही.

माझ्या आकृतीवर या कसोट्या लावून पाहिल्या. तिचा तुकडा घेतला नव्हता, सगळी घेतली होती, फक्त नाव सोडून. तिच्यावर टीका केली नव्हती, तिचे परीक्षण केले नव्हते. मी ज्या कामासाठी काढली त्याच कामासाठी, त्याच शिक्षकांपुढे ठेवली होती. बाजाराचा प्रश्न मी सोडून देते, मला त्यातून पैसे मिळवायचे नव्हते. पण नावाचा प्रश्न सोडत नाही. बर्न करारात १९२८ सालापासून लेखकाचे दोन हक्क पैशाच्या हक्कांपासून वेगळे सांगितले आहेत. कृतीवर आपले नाव असण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी तिची मोडतोड थांबवण्याचा. भारतीय कायद्यात ते ५७ व्या कलमात आहेत. शिकवण्यासाठी दुसऱ्याची कृती वापरायला बर्न करार ज्या कलमात मुभा देतो, त्याच कलमात स्रोत आणि लेखकाचे नाव देण्याची अटही घालतो.

नाव म्हणजे मिरवण्याची गोष्ट, असा समज आहे. शिक्षणात नाव ही पत्त्यासारखी गोष्ट आहे. माझे नाव तिथे राहिले असते, तर बाण रंगवायला घेणाऱ्या माणसाने कदाचित मला विचारले असते की या रेघा अशा का? खालची ओळ राहिली असती तर विचारायचीही गरज नव्हती. कोपरा कापला त्या क्षणी त्या आकृतीतला विचारच कापला गेला. आता लाल-हिरवा न दिसणारे कोणते तरी दुसरे मूल त्या पानासमोर बसले असेल, आणि त्याला सगळे बाण सारखेच दिसत असतील. मला राग आहे तो याचा.

इतके दिवस मी फक्त घेणाऱ्यांच्या चुका मोजत होते. पण ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ दुसऱ्या बाजूनेही नुकसान करते, आणि माझ्या मते ते नुकसान मोठे आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे ते आहे. ज्याला उचलायचे आहे तो ती ओळ वाचत नाही. वाचतो तो प्रामाणिक शिक्षक. तो घाबरतो आणि कायद्याने त्याला जे करता येते तेही करत नाही.

माझ्या शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने एका संकेतस्थळावरच्या मूलद्रव्यांच्या वितळणबिंदूंचा तक्ता वहीत उतरवून घेतला होता. तळाची धमकी वाचून त्याने मला विचारले, ‘हे मुलांना दिले तर चालेल का हो?’ वितळणबिंदू कोणाच्या मालकीचा नसतो. कॉपीराइट असतो मांडणीवर, शब्दांवर, चित्रावर. माहितीवर नाही, सूत्रावर नाही, कल्पनेवर नाही. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा वर्ग कोणीही कुठेही लिहू शकतो. हे त्या सहकाऱ्याला सांगायला हवे होते तुमच्या पानाने. पानाने सांगितले ते नेमके उलटे.

तशीच गोष्ट मुदत संपलेल्या साहित्याची. लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे हा बर्न कराराचा सर्वसाधारण नियम आहे. भारतात ६० वर्षे, युरोपीय संघात ७०. त्यानंतर ते सर्वांचे होते. तरी तीनचारशे वर्षांपूर्वीच्या शरीररचनेच्या चित्रांवर, जुन्या नकाशांवर, कधीच हक्कमुक्त झालेल्या कवितांवर मी तुमचे ठसे पाहिले आहेत. स्कॅन करण्याचे श्रम मोठे असतात, ते मला मान्य आहे. त्यासाठी आभार मागा, नाव द्यायची विनंती करा. पण जे तुमचे नाही त्यावर ‘सर्व हक्क राखीव’ लिहिणे हे माझ्या आकृतीवर ठसा मारण्यापेक्षा कमी गंभीर नाही. तिथे एका बाईचे घेतले, इथे सगळ्यांचे.

तुमच्याकडून हवे आहे ते फार अवघड नाही. प्रत्येक वस्तूखाली, संकेतस्थळाच्या तळाशी नव्हे, प्रत्येक आकृती, पाठ, व्हिडिओ यांच्याखाली, साध्या भाषेत लिहा. हे कोणी केले. हक्क कोणाकडे आहेत. यातले काय न विचारता करता येते. आणि विचारायचे असेल तर कोणाला. चार गोष्टी, चार ओळीही लागणार नाहीत.

यासाठी नवे काही शोधायचे नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने, म्हणजे आपले साहित्य इतरांनी कसे वापरावे हे आधीच सांगून ठेवणारे मजकूर, डिसेंबर २००२ पासून आहेत. तयार आहेत, फुकट आहेत, जगभर ओळखले जातात. मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ साली आपले अभ्याससाहित्य सगळ्यांना खुले करण्याची घोषणा केली, आणि आज ते याच परवान्यांपैकी एकाखाली आहे. युनेस्कोच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनांबाबतची, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येईल अशा साहित्याबाबतची शिफारस स्वीकारली. वाट मळलेली आहे.

फक्त परवाना निवडताना विचार करून निवडा. ‘बदल करू नयेत’ अशी अट असलेला परवाना अनेक संस्था सवयीने लावतात. साहित्याची मोडतोड होऊ नये ही भावना मी इतरांपेक्षा जास्त समजू शकते. पण त्या अटीत भाषांतरही येते. भाषांतर हा कायद्याच्या दृष्टीने बदलच आहे, आणि तो हक्क मूळ लेखकाचा. म्हणजे तुम्ही इंग्रजीत केलेला एक सुंदर प्रयोग, जो मला मराठीत आणायचा आहे, तो मी स्वतःपुरता उतरवू शकते, पण त्या परवान्याच्या बळावर दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला देऊ शकत नाही. ज्या मुलांच्या भाषेत साहित्य सर्वांत कमी आहे, त्यांच्याच वाटेवर हे कुंपण येते.

मी एकदा परवानगी मागून पाहिली आहे. चार पानांचा एक उपक्रम होता, पाण्याचा पृष्ठताण समजावणारा, मला फार आवडलेला. संकेतस्थळावरचा परवानगीचा अर्ज उघडला. त्यात मुद्रित प्रतींची संख्या विचारली होती, प्रकाशकाचे नाव, पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, वितरणाचे प्रदेश. माझ्याकडे ४२ मुले होती आणि एक झेरॉक्स मशीन. ‘शिक्षक’ असा पर्यायच त्या अर्जात नव्हता. जमेल तसा भरून पाठवला. धडा संपला, सत्र संपले, उत्तर आले नाही. तो उपक्रम मी मग फळ्यावर तोंडी करून घेतला. मुलांना मजा आली, पण त्यांच्या हातात काही राहिले नाही, आणि शेजारच्या शाळेला तर तेवढेही मिळाले नाही.

‘व्यावसायिक वापर नको’ ही अट लावणार असाल तर तिचा तुमच्यापुरता अर्थही सांगून ठेवा. शुल्क घेणारी शाळा त्यात येते का? जाहिराती दाखवणारे शिक्षकाचे पान? झेरॉक्सचे पैसे घेणारा दुकानदार? वकिलांमध्येही यावर एकमत नसते, मग शिक्षकाने कुठे जायचे? दोन उदाहरणे दिलीत तरी पुरे.

दुसऱ्यांची चित्रे तुमच्या पाठात असतील तर ती वेगळी दाखवा. संपूर्ण पानावर मोकळा परवाना, आणि आतला एक फोटो कुठल्याशा छायाचित्रसंग्रहातून एकदाच वापरायला घेतलेला, असे मी पाहिले आहे. त्या पानावर विश्वास ठेवून जो ते घेईल, तो त्या जर्मन शाळेसारखा अडकेल. तुमच्या पगारी शिक्षकांनी आणि बाहेरून लिहिणाऱ्यांनी केलेल्या कामाचे हक्क कोणाकडे, हेही करारात स्पष्ट असू द्या. नोकरीत केलेले काम अनेक देशांत मालकाचे ठरते, पण त्यावर करणाऱ्याचे नाव लिहायला कोणताही कायदा आड येत नाही.

आणि कुलूपबंद फायलींबद्दल एवढेच. नक्कल टाळण्यासाठी तुम्ही मजकूर चित्ररूपात चढवता किंवा फाईल अशी बंद करता की त्यातले अक्षर निवडताही येत नाही. तेच अक्षर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर दृष्टिहीन विद्यार्थ्याचे डोळे असते. अशा वाचकांसाठी सुलभ प्रती करता याव्यात म्हणून २०१३ साली माराकेश करार झाला, २०१६ पासून तो अमलात आहे, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. कायद्याने उघडलेले दार कुलूप लावून बंद करू नका.

कोणाला चूक दिसली, कोणाला आपले काम नावाविना दिसले, तर त्याने लिहायचे कुठे? तिथे यंत्र नको, माणूस हवा. त्याने आठ दिवसांत वाचावे, आणि दुरुस्ती केली तर पानावर तारखेसह लिहावी. एवढी एक सोय असती तर हे पत्र खुले लिहावे लागले नसते.

माझ्या बाजूने मी सुरुवात केली आहे. माझी सगळी कार्यपत्रके आणि आकृत्या मी पुन्हा चाळल्या. ज्यांत दुसऱ्यांची चित्रे होती, आणि अशा तीन निघाल्या, त्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी स्वतः काढलेल्या घातल्या. बाकी सर्वांखाली लिहिले आहे: नाव ठेवून कोणीही घ्यावे, छापावे, भाषांतर करावे, बदलावे, विकणाऱ्याने विकावेसुद्धा, बदल केलात तर काय बदलले ते लिहावे.

नायट्रोजन चक्राच्या आकृतीखालीही आता तेच आहे. म्हणजे ज्या संस्थेने ती घेतली तिला आज ती ठेवून घ्यायला माझी पूर्ण परवानगी आहे. कोपरा परत जोडावा, तळाची ओळ त्या पानापुरती काढावी. आणि बाण पूर्ववत करावेत: स्थिरीकरण सलग, नायट्रीकरण तुटक, विनायट्रीकरण ठिपक्यांचे, अमोनीकरण जोडरेघेचे. मूळ प्रत हवी असेल तर मी त्याच दिवशी पाठवते.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका